वाळलेला टॉवेल

बदनापूरच्या मच्छिंद्र अण्णांनी एकतीस वर्षं एका शेतकी केंद्रात रोजचं तापमान नोंदवलं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. लेक दैवशाला रत्नागिरीत बांधकामावर सुपरवायझर. ती रोज सकाळी सातला फोन करायची, "अण्णा, आज कितीवर जाईल?" अण्णा तिकडच्या हवेची चौकशी करून दुपारचा आकडा सांगायचे. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, पण आकडा अंशाभराच्या वर चुकत नसे. याचा त्यांना भलताच गर्व होता.

मार्चमधल्या त्या दिवशी स्लॅब भरायचा होता. एकदा सुरू केला की मध्येच थांबवता येत नाही. पारा छत्तिसाच्या वर जाणार असेल, तर दैवशाला काम संध्याकाळी घेणार होती.

"आज लई बरं वाटून राह्यलंय अण्णा. घाम चिकटत न्हाई. रातचा टॉवेलबी खडखडीत वाळला. बिलकुल आपल्या बदनापूरवानी."

"मंग तेहतीस. बिनघोर कर सुरू."

दहाला आंघोळ करून अण्णांनी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि हात तिथंच थांबला. इथं टॉवेल वाळतोच. समुद्राकाठी रातोरात कसा वाळला? म्हणजे वारा रात्रभर जमिनीकडून वाहत होता. तोच जोर धरून राहिला, तर समुद्रावरचा गार वारा दुपारी आत येणारच नाही. तेहतीस कुठले, एकोणचाळीस! बदनापूरचं नाव ऐकून म्हातारा खूश झाला होता, तिथंच घात झाला.

त्यांनी फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. अंगणात येरझाऱ्या घालून पाय दुखले. शेवटी साडेबाराला दैवशालाचा आवाज आला.

"अण्णा, आपल्या आष्टीची मजूर नंदाबाई उन्हात स्लॅबचा माल वाहता वाहता पडली. दवाखान्यात आणलंय. डोळे उघडून न्हाई राह्यली."

"चूक माझी हाय, माय," अण्णा म्हणाले.

अण्णा दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी बातम्यांत रत्नागिरीचा पारा सांगितला, एकोणचाळीस. उशिरा काढलेला आकडा बरोबर आला होता आणि त्यांना स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सातला दैवशालाच्या नंबरवरून फोन आला. उचलायची त्यांची हिंमत होईना. उचलला, तर आवाज दैवशालाचा नव्हता.

"अण्णा, म्या नंदाबाई. रातीच घरी सोडलं. आज कितीवर जाईल वं?"

अण्णा फोन घेऊन अंगणात आले.

"आधी सांग बाई, दोरीवरचा टॉवेल वाळला का?"

"न्हाई जी, वलाच हाय."

"तरीबी आज सावलीतच बस," अण्णा म्हणाले. आकडा त्यांनी सांगितलाच नाही.