आईचा मुलुंडचा डॉक्टर

भांडुप स्टेशनच्या पश्चिमेला माझा दातांचा दवाखाना आहे आणि त्याची जाहिरात माझी आई करते. मासळी बाजारात कोणी गालावर हात धरलेला दिसला, की ती त्याला सरळ माझ्याकडे धाडते. आमच्या इमारतीतली निम्मी माणसं तिच्याच धाकाने माझ्या खुर्चीत बसून गेली आहेत. ती स्वतः मात्र कधी बसली नाही. दसऱ्याला खुर्चीला झेंडूचा हार घालते, तेवढाच तिचा त्या खुर्चीशी संबंध.

कारण मला वाटायचं, मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि जेवण झालं की बोटावर घेऊन दात घासत बसायचं, हे कोकणातून आलेल्या आमच्या घरात आजीपासून चालत आलंय. मी डॉक्टर झाल्यावर आईने एवढाच बदल केला, की डबी लपवायला लागली. घरभर वास सुटलेला असायचा आणि ती म्हणायची, खालच्या मजल्यावर कोणीतरी भाजतंय वाटतं. जगाला मी तंबाखू सोडायला सांगत फिरायचे आणि दिव्याखाली हा असा अंधार.

मागच्या वर्षी एका रविवारी तिने केलेलं बांगड्याचं तिखलं चक्क फिकं लागलं. जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर जेवण फुकट गेलं असं मानणारी ही बाई. विचारलं तर म्हणाली, वय झालं आता. माझा घास हातातच राहिला. मशेरी लावणाऱ्या माणसाला तिखट सोसेनासं झालं, की त्याचा अर्थ काय असू शकतो हे मी रोज लोकांना समजावते. मी म्हटलं, आई, तोंड उघड बघू.

"जेवताना उघडतंय, तेवढा बघून घे," ती म्हणाली आणि कढी प्यायला लागली.

पुढचे काही दिवस मी लाडीगोडी लावली, भांडले, अबोला धरला. बाई ढिम्म. आणि मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरची शेजारीण दवाखान्यात आली. तुझ्या आईला मुलुंडच्या एका दातांच्या दवाखान्यात पाहिलं, तुमचं काही वाजलंय का, असं तिने फार गोड आवाजात विचारलं. डॉक्टरची आईच दुसरीकडे जाते म्हटल्यावर इमारतीने काय समजायचं? माझ्या इभ्रतीची वाट लागली ती लागलीच, पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती वेगळ्या कारणाने. तिच्या तोंडात तिथल्या डॉक्टरला काय दिसलं असेल?

मुलुंडचा तो डॉक्टर कॉलेजात माझा ज्युनियर होता, माझ्याच नोट्स वाचून पास झालेला. सकाळी मी हक्काने फोन लावला.

"ताई, त्या माझ्याकडे येतात की नाही, हेसुद्धा मी सांगू शकत नाही," तो म्हणाला.

"अरे, आई आहे ती माझी."

"मग त्यांनाच विचारा ना."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो सगळं ऐकून घेत होता आणि दर वेळी तेच उत्तर देत होता. हाच नियम मीसुद्धा पाळते, शिकाऊ मुलांना घोकून शिकवते. त्या दिवशी मात्र मला तो निव्वळ आगाऊपणा वाटला.

राग पोटात मावेना, म्हणून फोन केल्याचं मी आईला सांगून टाकलं. ती कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली.

"काय म्हणालो तो?"

"काही नाही. तोंडच उघडलं नाही त्याने."

"मगे माणूस बरो आसा," ती म्हणाली. इतके दिवस मी तिला एवढं खूश पाहिलं नव्हतं. आणि मग देठ खुडता खुडता तिने आपणहून सांगितलं. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, त्याने छोटा तुकडा काढून तपासायला पाठवलाय, उद्या कळणार आहे. तुला यायचं तर ये.

दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी दातांच्या दवाखान्यात नातेवाईक म्हणून बसले. आमचा नंबर आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. आईला विचारलं, "काकू, यांना आत बसू देऊ का?" आईने चांगला वेळ घेतला. मग म्हणाली, बसू दे.

त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. कॅन्सर नाही. पण मशेरी आजपासून बंद, आणि चट्टा गेला नाही तर काढावा लागेल, दर काही महिन्यांनी दाखवायला यावं लागेल. "मशेरी चालू राहिली तर पुढच्या वेळी मी हेच सांगेन असं नाही," तो म्हणाला. आईने शांतपणे मान डोलावली, दोन शंका विचारल्या, पर्स उचलली. आणि मी, रोज लोकांना याहून वाईट बातम्या सांगणारी, त्याच्या टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागले.

आईने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, "बघितलात ना डॉक्टर? हिच्याकडे गेले असते, तर त्या खुर्चीत बसून मलाच हिला सांभाळावं लागलं असतं."