सीमेवरच्या विद्यापीठाचा वाटा

प्रणिता गजभिये नागपूरहून नेदरलँड्समधल्या लायडनला पीएचडीसाठी आली आणि नोकरी लागली ती जर्मनीच्या सीमेलगतच्या एका छोट्या सरकारी विद्यापीठात. जुन्या विद्यापीठांसाठी सरकारने एक सामायिक अक्षयनिधी ठेवला होता. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज सगळ्यांनी वाटून घ्यायचं. हे विद्यापीठ नंतर जन्मलं, म्हणून त्या पंगतीत त्याचं पान कधी मांडलंच गेलं नाही.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी प्रणिताच्या लॅबने आसपासच्या गावांच्या सांडपाण्यात विषाणू किती आहे, हे तपासायला घेतलं. साथ कुठे वाढतेय, हे तिथे दवाखान्यांच्याही आधी कळू लागलं. नेमकं तेव्हाच विद्यापीठाच्या प्रमुख असलेल्या रेक्टरबाईंनी ऑनलाइन बैठकीत सांगितलं, "पुढच्या वर्षी लॅब चालवणं आपल्याला झेपणार नाही."

"मग निधीत आपल्यालाही घ्या म्हणू या," प्रणिता म्हणाली.

"मंत्रालयाला म्हणून झालंय. बाकीची विद्यापीठं आपला वाटा कमी होऊ देणार नाहीत."

"पण त्यांना कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने, राकेशने, लेकीची ऑनलाइन शाळा अंगावर घेतली आणि प्रणिता एकेका जुन्या विद्यापीठाला फोन लावत बसली. नकारच जास्त आले. तिचे पीएचडीचे गाइड, जे आता लायडनचे रेक्टर होते, ते तर स्पष्टच म्हणाले, "आमचंच भागत नाही. तुला काय देऊ?"

"सीमेपलीकडून येणारी लाट आधी आमच्या गटारात दिसते," ती म्हणाली. "आम्ही बंद झालो, तर तुम्हाला सांगणार कोण?"

त्यांनी तिच्याकडून त्या गावांची नावं विचारून घेतली. मग म्हणाले, "तुझे निष्कर्ष पाठव. इतरांशी मी बोलतो."

पुढच्या वसंतात संसदेच्या समितीसमोर ऑनलाइन सुनावणीत ती आपल्या नागपुरी वळणाच्या डचमध्ये बोलली. एका सदस्याने विचारलं, "जुन्या विद्यापीठांना हे चालेल?"

गाइडनी माइक सुरू केला. "आम्हाला चालेल." पाठोपाठ दुसऱ्या विद्यापीठाचा होकार आला, मग तिसऱ्याचा. बाकीचेही एकेक करून बोलले. एकही नकार आला नाही. प्रणिताला स्क्रीन धूसर दिसू लागला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात कायदा बदलला आणि निधीत त्यांचंही नाव आलं. तिने नागपूरला आईला फोन लावला.

"म्हणजे आता कुणाला काढणार नाहीत ना?" गयाबाईंनी विचारलं.

"नाही आई. उलट नवी माणसं घेतोय."

निर्बंध उठले तेव्हा लॅबसमोर सायकल लावायला जागा मिळेना. प्रणिताने आपली पार कोपऱ्यावरच्या झाडाला टेकवली आणि हसतच आत गेली.