आदरणीय गोलकीपर, आई बरी आहे ना?

आमच्या मोहल्ल्यातले उस्ता, म्हणजे उस्ताद सुतार, एगमबेर्दी पाळणे करतात. मार्गिलानात पाळणे करणारे पुष्कळ आहेत, पण उस्तांचा पाळणा डुलताना करकरत नाही, म्हणून लोक लांबून येतात. त्यांचं आणि माझं अंगण एकाच भिंतीला लागून. भिंतीपलीकडून रंध्याचा आवाज येत असला की दिवस ठीक चाललाय असं मी समजते.

या माणसाने जन्मात कोणाला 'तू' म्हटलेलं नाही. तशी आमच्या खोऱ्यात सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणायची रीत आहे, आईसुद्धा लेकराला म्हणते. पण उस्तांनी ती रीत पार टोकाला नेली. मांजर भुशात शिरलं की म्हणतात, "आपण जरा बाहेर निघा." एकदा अंगठ्यावर हातोडी बसली तर हातोडीला शिव्या दिल्या, त्याही 'तुम्ही' लावून. त्यांची बायको हनीफा म्हणते, लग्नाला इतकी वर्षं झाली पण आमचं भांडण म्हणून कधी रंगलं नाही. 'तुम्ही मूर्ख आहात' असं कोणी अदबीने म्हटल्यावर पुढे बोलायचं तरी काय.

एवढ्या सभ्य माणसाला फुटबॉलचं वेड असावं, हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. आमच्या गावच्या संघाचं नाव इपाकची, म्हणजे रेशीमवाले. खेळतातही रेशमासारखेच, हातात काही टिकत नाही. नातवंडांचे चेहरे दिसावेत म्हणून उस्तांच्या थोरल्या मुलीने ताश्कंदहून फोन पाठवला. उस्तांनी चेहरे पाहिले, दुवा दिली, आणि मग त्यांना टेलिग्रामवर संघाचं पान सापडलं. सामना संपला की सगळं गाव त्या पानावर जमतं आणि खेळाडूंची सालटी काढतं. मला वाचता येतं ते जुन्या लिपीतलं, तेही अडखळत. फोनवरचं माझी सून वाचून दाखवते आणि मधले काही शब्द गाळते. ते कोणते, हे मला तिच्या लाल झालेल्या कानांवरून कळतं.

खेळाडूही काही कमी नाहीत. एकजण उलट शिव्या देतो. दुसरा म्हणतो, या ना, तुम्हीच धावून दाखवा. तिसऱ्याने रागारागाने खातं बंद केलं आणि नव्या नावाने स्वतःचंच कौतुक लिहायला लागला. ते गावाने पहिल्याच ओळीत ओळखलं.

मागच्या वसंतात एका सामन्यात आमचा गोलकीपर इख्तियोर, याच्या पायांमधून चेंडू इतका सावकाश आत गेला की वाटेत त्याला कोणी चहा पाजला असता. त्या दिवशी पानावर 'तुतीचा खुंट' या नावाने कोणीतरी लिहिलं. सुनेने वाचलं, आणि तिला एकही शब्द गाळावा लागला नाही.

"आदरणीय इख्तियोरजान, सलाम. आई बरी आहे ना? आज आपण गोलात पाळण्यातल्या बाळासारखे दिसलात. दोन्ही हात पट्ट्यांनी अंगाशी बांधलेले, डोळे टक्क उघडे, आणि चेंडू मागे गेला तरी त्याच्याकडे पाहून गोड हसू. तब्येतीला जपा. घामाघूम असताना गार पाणी पिऊ नका."

माझ्या हातातला तांदूळ निवडायचा राहिला. शिवी देण्याआधी आईची चौकशी करणारा आणि शिवी दिल्यावर गार पाणी पिऊ नका म्हणणारा माणूस साऱ्या मार्गिलानात एकच, आणि तो भिंतीपलीकडे रंधा मारत होता. आमच्याकडे बाळाला पाळण्यात बांधून निजवतात, त्या पट्ट्या तर हनीफाच शिवते. मी तांदूळ पुन्हा पुढे ओढला आणि ते नाव पोटात ठेवलं. उस्तांसारख्या माणसाला नाव बदलून लिहावंसं वाटलं, तर लाज वाटत असेल म्हणूनच ना.

पण ती चिठ्ठी फोनाफोनी गावभर फिरली. पुढच्या सामन्यात इख्तियोरच्या दिशेने चेंडू आला की सगळं मैदान अंगाई म्हणायला लागलं. मोठमोठे दाढीवाले पुरुष, आणि सुरात. दुसरा कोणी असता तर रडला असता. इख्तियोरने संध्याकाळी पानावर उत्तर लिहिलं, थोरल्या भावाला म्हणावं तसं 'अका' म्हणून, की वालेकुम सलाम, अका, आई बरी आहे आणि तुम्हाला सलाम सांगते. हात बांधलेले होते हे खरंच, पण पट्ट्या सोडायचं काम मोठ्या माणसांचं, मी पडलो बाळ.

मग हे दर सामन्याला चाललं. एकदा खुंटाने लिहिलं, आपण गोल सोडून पुढे येता ते अगदी नव्या नवरीसारखे, एक पाऊल बाहेर, दोन पावलं आत. इख्तियोरने लिहिलं, अका, नवरीलाही कोणीतरी मागून हळूच ढकलावं लागतं, आमचे बचाववाले कुठे ढकलतात. लोक गोल किती झाले हे नंतर विचारायचे, आधी विचारायचे की खुंट काय म्हणाला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सलोमत माझ्याकडे आली, इख्तियोरची आई. स्थळं जुळवणं हे माझं तरुणपणापासूनचं काम, अर्धा मोहल्ला माझ्या जिभेवर नांदतोय. तिने मुलासाठी मुलगी विचारली, आणि माझ्या मनात एकच नाव आलं, ते म्हणजे उस्तांची धाकटी नझोकत. बालवाडीत शिकवते, बोलते कमी. आलेल्या स्थळांना 'नाही' म्हणायला ती एक वाक्यसुद्धा खर्च करत नसे, नुसती मान हलवायची. इथे मात्र दोघांना बागेत चहाला बसवलं, आणि घरी येऊन ती म्हणाली, बरा आहे. मग तिने तोच रुमाल दोनदा इस्त्री केला. हनीफाने मला डोळ्यांनी खूण केली. मुलगी गेली कामातून.

उस्तांना मुलाचं नाव सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी भिंतीवरून सांगितलं. रंधा थांबला.

"कोण? गोलकीपर?"

"तोच. आई बरी असलेला."

मला वाटलं होतं, हसतील. पण ते भुशाच्या ढिगावर खालीच बसले. म्हणाले, आपा, तुम्हाला ठाऊक होतं म्हणजे. मी म्हटलं, मला नाही तर कोणाला. तर म्हणाले, ज्या माणसामुळे अख्खं मैदान त्या मुलाला अंगाई ऐकवतं, त्याच्या घरची मुलगी तो कशाला करील. आणि नझोकतने जन्मात एकदा होकार दिलाय. तो माझ्या जिभेपायी फिरला तर मी तिला तोंड कसं दाखवू.

तिथून त्यांनी जे जे केलं ते सगळं उलटं पडलं. आधी सगळं लिहिलेलं पुसून टाकलं. पण मैदानावरची अंगाई कशी पुसणार. मग पुढच्या सामन्यानंतर त्यांनी घाबरून कौतुक लिहिलं, "इख्तियोरजान, आज आपण उत्तम खेळलात." आईची चौकशी नाही, गार पाण्याचं नाव नाही. त्या दिवशी रेशीमवाल्यांनी चार गोल खाल्ले होते.

पानावर हाहाकार उडाला. कोणी म्हणालं खुंटाचा फोन चोरीला गेला. कोणी म्हणालं म्हातारा वारला असेल आणि हा त्याचा मुलगा लिहितोय, अल्लाह त्यांना जन्नतीत जागा देवो. शेवटी इख्तियोरने स्वतः लिहिलं, की अका, काही दुखतंय का? आज तर मी शिव्याच खायला हव्या होत्या. कोणी यांना ओळखत असेल तर कृपा करून घरी जाऊन बघून या.

उस्ता फोन घेऊन भिंतीशी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "आपा, हे मला शोधतायत."

नान मोडायचा दिवस ठरला. दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांनी मिळून नान मोडली की शब्द पक्का, मग कोणी मागे फिरत नाही. सलोमत पांढऱ्या कापडात नान घेऊन आली, बरोबर तिचे दीर आणि जावा. मुलाने खरं तर बाहेर गाडीतच बसायचं, पण ऊन असं की गाडीत बसवलं असतं तर त्याचीच नान झाली असती. हनीफाने त्याला द्राक्षाच्या मांडवाखाली बोलावून घेतलं.

आता उस्तांच्या डोक्यात काय होतं ते आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ठरवलं होतं, माझं बोलणं ओळखतील, तर मी वेगळं बोलतो. छातीवर हात ठेवून ते पुढे आले आणि होणाऱ्या जावयाला म्हणाले, "ये. बस. तू बरा आहेस ना?"

हनीफाच्या हातातली चहाची वाटी तिरकी झाली. सलोमतचे दीर तोंडातलं मनुक्याचं बी गिळून बसले. सलोमतने नानवरचं अर्धं उघडलेलं कापड पुन्हा घडी घालून झाकलं आणि माझ्याकडे वळली.

"आपा, तुम्ही तर म्हणाला होतात, या घरात मांजरालाही 'तुम्ही' म्हणतात."

ती पुढे म्हणाली, आणि आवाज बारीक झाला होता, की माझ्या मुलाला सगळं मैदान 'तू' म्हणतं, त्याहून वाईटही म्हणतं. सासरी तरी त्याला मान मिळेल म्हणून मी आले. ती उठायला लागली. आत पडद्यामागे नझोकतचा चमचा चहात फिरल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

उस्तांनी त्या पडद्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट घातली, मुलासमोर जाऊन उभे राहिले आणि अगदी शाळेत उभं केल्यासारखे म्हणाले,

"आदरणीय इख्तियोरजान, सलाम. आई बरी आहे ना?"

मुलाचे कान लाल होत गेले, आणि मला वाटलं, संपलं. मग तो उठला, दोन्ही हात अंगाला चिकटवून बांधल्यासारखा ताठ उभा राहिला.

"वालेकुम सलाम, अका. आई इथेच आहे. तुमच्यावर रागावली आहे, तुम्हीच विचारा."

उस्ता सलोमतकडे वळले. हात छातीवर ठेवला. ती कापड हातात धरून तशीच अर्धवट उभी होती. एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा उस्तांकडे.

"खुंट तुम्ही?" ती म्हणाली. "दर सामन्यानंतर पोरगा फोन घेऊन यायचा, म्हणायचा, आई, खुंटाने तुमची चौकशी केलीय. त्या पानावर माझं नाव सगळेच काढतात हो. बरी आहे का म्हणून विचारणारे तुम्ही एकटे."

ती खाली बसली. सुनेने मला वाचून न दाखवलेले शब्द कोणाच्या आईबद्दल होते ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सलोमतने डोळे पुसले आणि लगेच तोंड कडक केलं. म्हणाली, पण पाळण्यातलं बाळ म्हणालात ते मी विसरलेले नाही. पहिल्या नातवंडाला रीतीप्रमाणे मुलीकडून पाळणा येईल तेव्हा तो दुकानातला चालणार नाही, तुमच्या हातचा हवा, आणि पट्ट्या सैल. उस्ता म्हणाले, आपण म्हणाल तशा. मग नान मोडली. पडद्यामागे चमचा पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात. चहात साखर इतकी पडली होती की कोणाला पिववेना, पण सगळे प्यायले.

लग्न कापूस वेचून झाल्यावर झालं. मैदानावर अजून अंगाई म्हणतात. इख्तियोर सामन्याआधी हात अंगाला चिकटवून उभा राहतो आणि लोक खूश होतात. गोल खायचा तो खातोच. खुंट पुन्हा पूर्वीसारखा लिहायला लागलाय, फक्त 'इख्तियोरजान'च्या जागी 'जावईबापू' आलंय.

परवा मात्र सामना हरूनही पानावर खुंटाचं काहीच आलं नाही. मी भिंतीवरून विचारलं, तब्येत बरी आहे ना. उस्ता म्हणाले, आज जावईबापू आईला घेऊन जेवायलाच येतायत, समोरासमोर सांगेन. थोड्या वेळाने फाटक वाजलं आणि उस्तांचा आवाज ऐकू आला, या, या, आई बऱ्या आहेत ना?

पुढचं ऐकायला मी काही थांबले नाही. म्हणजे, थोडी थांबले.