चार हजारांची ओळ

चाकणच्या एका कंपनीत, प्रेस शॉपच्या गुणवत्ता तपासणीत माझी बावीस वर्षं झाली. घर मोशीला. सुट्टी गुरुवारी. गेली तीन वर्षं गुरुवारची दुपार मी आवाजांवर घालवतो.

आवाज शॉपमधलेच. पत्रा दाबणारा दोनशे टनी प्रेस, कॉम्प्रेसर, सांडपाण्याच्या टाकीत बुडबुडणारी हवा. फोनवर रेकॉर्ड करतो आणि घरी कॉम्प्युटरवर एकावर एक चढवतो. काहींचा वेग कमी करतो, काही तसेच ठेवतो. सूर नाही, ताल नाही. वीस मिनिटं घरघर जाड होत जाते आणि विरते. अशा एकेचाळीस फाइली झाल्या. असलं संगीत करणारे जगभर आहेत हे मला नंतर कळलं. मी सुरू केलं तेव्हा मला काही वाटेनासं झालं होतं. दुःख नव्हतं. जेवण, कंपनी, झोप, सगळं चालू होतं. "काय होतंय तुम्हाला?" असं बायकोने विचारलं की सांगण्यासारखं काही सापडायचं नाही. शेवटी उत्तर म्हणून तिला पहिली फाइल ऐकवली. तिने ती पूर्ण ऐकली, "बरं" म्हणाली आणि पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. उत्तर पोचलं असं मी धरून चाललो. माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

गेल्या पावसाळ्यातल्या एका गुरुवारी ती समोर बसून मेथी निवडत होती. मी नवी फाइल लावली.

"अहो, आज ती शिट्टी नको ना. डोकं दुखतंय."

"कोणती शिट्टी?"

"हीच. आत्ता वाजतेय ती."

मी फाइल मागे नेऊन पुन्हा लावली. प्रेस, टाकीतली हवा. बाकी काही नाही.

"कुठाय?"

"थट्टा करताय का? सतत वाजतेय. तुमच्या सगळ्याच गाण्यांत असते." माझ्या फाइलींना ती गाणी म्हणते.

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, ती शिट्टी हेच गाणं आहे. बाकी नुसती घरघर. म्हटलं, माणसाच्या आत असं काही वाजत असेल तर तो बोलणार तरी काय."

कॉम्प्युटरवर प्रत्येक फाइलचा आलेख दिसतो. जाड आवाज खाली, बारीक वर. चार हजार हर्ट्झच्या आसपास एक पिवळी आडवी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली होती. ती मी तीन वर्षं पाहत होतो. मला ती सॉफ्टवेअरची आखणी वाटली होती. मी रेकॉर्डिंगला उभा राहतो तिथे डोक्यावरून हवेची लाइन जाते. तिचा सांधा गळत असणार.

कंपनीत दर वर्षी कानांची तपासणी होते. हेडफोन लावायचा, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. नापास झालेल्याला शॉपमधून स्टोअरला बसवतात. तपासणारे साधारण चार सेकंदांनी शिट्टी देतात, हे सहा वर्षांपूर्वी माझ्याच लक्षात आलं होतं आणि मी ते रांगेतल्यांना सांगितलं. "भावा, कान सोड, आकडे मोज," असं आमच्यात अजून म्हणतात. मीही मोजूनच दाबत आलो. मला वाटायचं, मी खात्रीसाठी मोजतोय.

मी बायकोला म्हटलं, "शिट्टी असेल तोवर बोट वर ठेव. गेली की खाली घे."

"आणि मेथी?"

"दुसऱ्या हाताने."

त्या ओळीचा आवाज मी एकेक डेसिबलने उतरवू लागलो. प्रत्येक पायरी वहीत लिहिली. मला फाइल आधी होती तशीच ऐकू येत होती. तिचं बोट वरच होतं. तेविसाव्या पायरीला ते खाली आलं.

"गेली." ती जरा वेळ ऐकत राहिली. "आता नुसती कंपनी वाटते."

"परत आणू?"

"मला काय विचारता? गाणं तुमचं."

मी ओळ पुन्हा हळूहळू वर नेली. तिचं बोट उठलं तिथे थांबलो आणि फाइल सेव्ह केली.

त्यानंतरच्या तपासणीत मी मोजलं नाही. मधे बराच वेळ बटणावर अंगठा नुसता ठेवून बसलो. तपासणाऱ्याने दोनदा काचेतून पाहिलं. कागदावरची रेघ चार हजारांपाशी खाली गेली आहे. रांगेतला एकजण म्हणाला, "काय राव, मास्तरच नापास?" बाकीचे हसले, मीही हसलो.

आता मी स्टोअरला बसतो. तिथे प्रेस ऐकू येत नाही. एक जुना पंखा आहे. काल त्याचा वीस मिनिटं आवाज घेतला. त्यात शिट्टी आहे का, ते गुरुवारी तिला विचारायचं आहे.