पितळी पेटीत पाणी शिरलं

मंडळी, आपल्या छायाचित्र मंडळाच्या फळ्यावर हे घाईघाईत डकवतोय.

होटगीजवळच्या एका विहिरीत, पाण्याखाली, जुना कानडी शिलालेख आहे. उद्या सकाळी विहीर खोल करायला तिथंच सुरुंग लावणार आहेत. म्हणून आज भाऊजींचा कॅमेरा, काचेची खिडकी आणि बाहेरून दाबायची कळ असलेल्या पितळी पेटीत बंद केला आणि पट्टीच्या पोहणाऱ्या भीमण्णाकडे देऊन त्याला खाली पाठवलं.

तो वर आला तोच ओरडत, "मास्तर, पेटी लई जड लागायलीय की!"

मी झाकण उघडलं, तर आत पाणीच पाणी. कॅमेऱ्याचा घड्यांचा कातडी भाता भिजून लोंबत होता.

झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे. तिला चरबी चोळण्याआधी मी ती आमच्याच मागावर विणलेल्या कोऱ्या पंच्यानं पुसली होती. त्याचा एक दोरा रबरावर चिकटून राहिला, आणि तेवढ्या फटीतून पाणी शिरलं. सोलापुरात जन्म गेला, पण दोऱ्याची भीती कधी वाटली नव्हती.

भाऊजींना अजून सांगितलेलं नाही.

उजाडायच्या आत कुणी कॅमेरा देईल का? या वेळी पट्टी बोटानंच पुसेन, आधी रिकामी पेटी बुडवून बघेन. खाली पेन्सिलीनं लिहा. देणार नसाल तर तेही लिहा. मी इथंच, फळ्यासमोरच्या पायरीवर बसलोय.