देव्हाऱ्यातलं अकरावं नाणं

घरी मुलं माझ्याकडे दरोड्याची गोष्ट मागतात. माझ्या वाट्याला दरोडा कधी आला नाही, पोट मात्र फौजदाराचं आलं. बाकीची प्रकरणं मी तिखटमीठ लावून सांगतो. हे एक आठवलं की तिखटमीठ सुचत नाही.

मी तेव्हा म्हैसूरच्या एका ठाण्यात होतो. परदेशची सहल ही नवलाई होती, तो काळ. एक निवृत्त मराठी मास्तर पत्नीसह बँकॉकला जाऊन आले. तिथल्या बाजारातून त्यांनी जुने चांदीचे डॉलर आणले. मुलीच्या लग्नासाठी त्यांची माळ करायची होती. देवराज मोहल्ल्यातल्या ज्या सोनाराने नाण्यांना कड्या लावल्या, तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी. लग्नानंतर दोन महिन्यांत माळेवर गंजाचे डाग आले आणि सासरी कुजबुज सुरू झाली. मास्तरांनी तक्रार दिली: दहा नाणी दिली होती, सोनाराने ती बदलली.

त्यातच पेठेतल्या एका दुकानदाराने खबर आणली, की या सोनाराने नुकतीच बरीच चांदी विकली. सोनार चांदी नाही तर काय भाजी विकणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्याला चौकशीला बोलावलं आणि ठाण्याच्या दारातल्या बाकावर दोन दिवस बसवून ठेवलं.

"नाणी घेताना कस का लावला नाहीस?"

"सरांची वस्तू, स्वामी. त्यांच्यासमोर दगडावर घासून बघू?"

"मग खोटी आहेत हे कळलं कधी?"

"कडी जोडायला टाका घालताना. आत लोखंड लागलं. लग्न आठ दिवसांवर, सर खुशीत. माझं तोंडच उघडेना."

"आणि हे मी खरं मानू?"

"सुम्ने, उगीच खोटं कशाला बोलू, स्वामी? माझ्या मुलीचं लग्न ठरत आलंय. मला इथं दारात बसवू नका, एवढंच करा."

मी जबाबात लिहिलं: 'उडवाउडवीची उत्तरे देतो.' आणि त्याला पुन्हा बाकावर पाठवलं.

तिसऱ्या दिवशी पुरवणी जबाब घ्यायला मास्तरांच्या घरी गेलो. कॉफी आली. समोर देव्हारा होता. आमच्यातही घरात नवं काही आलं की त्यातलं पहिलं देवाला जातं. ते इतक्या उशिरा आठवलं, याची अजून लाज वाटते.

बाईंना विचारलं, "त्यातलं एखादं देवाजवळ ठेवलंत का?"

"ठेवलं की. आल्या दिवशीच."

"मग तक्रारीत दहाच कशी, मास्तर?"

"देवाला दिलेलं आपल्यात कोण धरतो?"

बाईंनी नाराजीनेच ते नाणं काढून दिलं. कडेने साच्याची बारीक रेघ दिसत होती. फ्रिजच्या दारावर त्याच सहलीतून आणलेला चुंबकाचा हत्ती होता. नाणं त्याच्याजवळ नेलं, तर टचकन चिकटलं. चांदी चुंबकाला चिकटत नाही. आणि हे नाणं सोनाराच्या हातात गेलंच नव्हतं.

मास्तरांनी नाणं ओढून काढलं आणि पुन्हा हत्तीला लावून पाहिलं. मग म्हणाले, "वर्गात त्याला मी कधी छडी मारली नव्हती हो."

तक्रार मागे घेतली गेली. मास्तर दुकानात गेले, तेव्हा सोनार पूर्वीसारखाच उठून उभा राहिला. सोनाराच्या मुलीला मात्र मुलाकडच्यांनी तोवर नकार कळवला होता. मी स्वतः त्यांच्या घरी गेलो, तेही शहाण्यासारखा गणवेशात. शेजारीपाजारी दारात जमले.

मुलाचे वडील म्हणाले, "त्यांनी काही केलं नाही हे मानतो, साहेब. पण दोन दिवस बसले होते ना तिथं?"

ते लग्न मोडलं ते मोडलंच.

चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पेठेला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि मलाही ते उत्तरपत्रिकेपुरतंच येत होतं.