खुर्च्या लावणारे साहेब

"असू दे, मी करतो." हे वाक्य पूर्ण होईपर्यंत त्यांचं काम निम्मं झालेलं असे.

तुमच्याही ओळखीत असे एक गृहस्थ असतील. कार्यक्रमाआधी खुर्च्या लावतात, नंतर उचलतात आणि फोटोत कधीच नसतात. आमचे हे गृहस्थ मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. लखनौत मानक नगरला नोकरीत माझे साहेब, निवृत्तीनंतर तेलीबागेत शेजारी. केबिनमधली घंटा त्यांनी कधी वाजवली नाही. पाणी स्वतः उठून आणत, येताना माझ्यासाठीही एक ग्लास. शिपाई रडकुंडीला येई. "साहब, हमारी नौकरी खाएँगे आप!"

मी सत्कारांना विटलेला माणूस. लखनौत आल्यापासून इतक्या शाली अंगावर पडल्यात की उन्हाळ्यात आठवण आली तरी घाम फुटतो. मधल्या सोफ्यावर कोणी बसायचं, यावरून धुसफुस चालू असताना साहेब मागे घड्या घातलेल्या खुर्च्या उघडत असायचे.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी ते मला चर्चमध्ये नेत. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्या आठवणीत पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. बारा जण कमिटी निवडते, म्हणजे वजनदारच निवडते. आणि ही मंडळी घरूनच पाय घासूनपुसून, वर पावडर लावून येतात.

"धुतलेले पाय धुवायचे," मी म्हटलं, "यात नम्र कोण झालं, साहेब?"

"अहो, पाणी तरी गरम असतं ना! ते मी करतो."

कमिटी दरवर्षी त्यांना बारा जणांत बसायचा आग्रह करी. ते मागच्या अंगणात शेगडीपाशी. "असू दे. इथे कोण बघणार?"

गेल्या हिवाळ्यात मधुमेहाने त्यांचे पाय सुजले, बोटांच्या बेचक्यांत जखमा झाल्या. पत्नी आधीच गेलेली, मुलगी बंगळुरूला. डॉक्टरांनी बजावलं, रोज कोमट पाण्याने धुवा, नाहीतर पाऊल कापावं लागेल. त्यांना तर वाकताही येत नव्हतं. मी टब घेऊन गेलो. त्यांनी पाय रजईत ओढून घेतले.

"असू दे, मी करतो."

"कसं करणार?"

"मग राहू दे. तुम्ही हात लावू नका. वास येतो."

पगारी माणूसही त्यांनी परत पाठवला. मुलीला फोनवर "सगळं ठीक" सांगत राहिले. पाऊल काळं पडू लागलं. रोज टब नेऊन तसाच परत आणून मी थकलो, आणि एका दुपारी माझा तोल गेला.

"साहेब, हाही तोराच आहे. सगळ्यांनी तुमच्याकडून घ्यायचं आणि तुम्ही कोणाकडूनच नाही! तुमच्या प्रभूपुढे ते बारा जण पाय पुढे करून बसलेच होते ना?"

त्यांनी रजई पायांवर आणखी ओढली.

"एकाने पाय मागे घेतले होते," ते म्हणाले.

"मग?"

"मग... ऐकलं त्याने."

रजईतून एक पाऊल हळूहळू बाहेर आलं. त्याला पावडर लावलेली नव्हती. मी ते पाण्यात धरलं, तर साहेब डोळे मिटून विचारतात, "तुमचा हात भाजत नाही ना?"

त्यानंतर रोज ते पाय पुढे करत. रोज थोडे लाजत. पाऊल वाचलं, उन्हाळ्याच्या तोंडावर हृदयाने मात्र दगा दिला.

शोकसभा चर्चच्या हॉलमध्ये होती. हार आले, माइक आला, गोमती नगरहून मोठी मंडळी गाड्यांतून आली. खुर्च्या भिंतीशी घड्या घालून तशाच. श्रद्धांजलीला उभंच राहायचं असतं, अशी काहींची समजूत झाली असावी. वक्ते त्यांच्या नम्रतेवर बोलत होते आणि म्हातारी माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती.

मी भिंतीशी जाऊन पहिली खुर्ची ओढली. गुडघा कुरकुरला. पुढे उभे असलेले एक बडे गृहस्थ वळून हळूच म्हणाले, "रहने दीजिए भाईसाहब, कोई कर देगा।"

तो 'कोई' आदल्या आठवड्यात गेला होता. मी दुसरी खुर्ची उघडली.